भाकरीला गाळा हवा

प्रति,
मा. आयुक्त,
मिरा-भाईंदर महानगरपालिका,
भाईंदर (पश्चिम)

विषय : पालिकेच्या मंडयांमध्ये स्थानिक खाद्यपदार्थांसाठी काही गाळे राखून ठेवणेबाबत

महोदय,

मिरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून शांतीनगरच्या दिशेने कुणीही चालत जावे आणि फक्त खाण्याच्या पाट्या वाचाव्यात. पिझ्झा, जैन पिझ्झा, तंदुरी पनीर पिझ्झा, चीज बर्स्ट, एकावर एक फुकट. मध्ये शेवपुरी, मोमो, शोर्मा आणि चायनीज. भाईंदर पश्चिमेला गेले तरी यादी फारशी बदलत नाही, क्रम तेवढा बदलतो. याच पालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धा, मोर्वा ही गावे आहेत. तिथे काय शिजते याचा मागमूस या पाट्यांवर लागत नाही. नव्याने राहायला आलेल्या माणसाचा ग्रह असा होतो की हे शहर बिल्डरने बांधले आणि त्यात जेवण बाहेरून मागवले. त्या पाट्यांबद्दल आणि त्यांच्या मागच्या भाड्याबद्दल हे पत्र आहे. पिझ्झा बंद करा अशी मागणी मी करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. २०२५ साली एका मिठाईच्या दुकानात भाषेवरून झालेल्या मारहाणीमुळे आपले शहर देशभर गाजले. त्या वादाचे शेपूट या पत्राला कुणी जोडू नये. दुकानदार कुठली भाषा बोलतो यापेक्षा दुकान कुणाला मिळते, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

पिझ्झ्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याचे यश खरे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. १९९६ साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बेंगळुरूत आले, तिथून भारतातल्या पिझ्झ्याचा इतिहास मोजायची पद्धत आहे. पण त्याआधीच, १९९३ मध्ये, स्मोकिन जोज मुंबईत सुरू झाले होते. २०११ साली चंदीगडमधून ला पिनोझ निघाले आणि गावोगाव पसरले. म्हणजे आज आपल्या गल्लीत जो पिझ्झा विकला जातो तो सगळाच अमेरिकेचा नाही. बराचसा मुंबईचा, चंदीगडचा, अहमदाबादच्या सवयींचा आहे. कांदा-लसूण नसलेला जैन पिझ्झा ही तर अस्सल इथली निर्मिती. इटलीतल्या माणसाला ती कल्पनाही करता येणार नाही आणि भाईंदरमध्ये तिच्याशिवाय धंदा होणार नाही. गिऱ्हाईक काय खाते, काय खात नाही, हे या साखळ्यांनी बारकाईने ओळखले, स्वयंपाकघरे वेगळी केली, सॉस बदलला. हे करायला अक्कल लागते आणि ती त्यांनी दाखवली. प्रश्न एवढाच की असा पिझ्झा ‘स्थानिक’ झाला असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय स्थानिक होते? तो गिऱ्हाइकाच्या जिभेला जुळला, गावाशी मात्र त्याचा काही संबंध आला नाही. पीठ मध्यवर्ती कारखान्यात मळून, गोळे करून, थंड गाडीतून येते. सॉस पिशवीतून येतो. आपल्या समुद्राचा, मिठाचा, भाताचा, मसाल्याचा त्यात काही वाटा नसतो, आणि दुकान चालवणाऱ्या फ्रँचायझीवाल्याला तो घालायची परवानगीही नसते. उत्तनच्या एखाद्या तरुणाने साखळीची शाखा घेतली आणि त्याला वाटले की पिझ्झ्यावर परतलेला जवळा भुरभुरून बघावा, तर तसे करण्याचा अधिकार त्याला नाही. (जवळ्याचा पिझ्झा वाईट लागेल असे मला मुळीच वाटत नाही.)

आता गावाकडे काय आहे ते पाहू. भाईंदरची मिठागरे आणि त्यांच्यावर पोसलेली आगरी वस्ती, ‘आगर’ या शब्दातच जिचे नाव आहे. राई-मुर्ध्याची खाऱ्या वाऱ्यातली भातशेती आणि तिच्यातून आलेली तांदळाची भाकरी. ती उकडीच्या पिठाची असते आणि पोळपाटावर न लाटता हातावर थापली जाते. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर वाळणारे बोंबील : एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी काठीवर टाकायची, दोरी नको, खिळा नको. हा बोंबील मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारापर्यंत जातो. शांतीनगरच्या ताटापर्यंत मात्र क्वचितच पोहोचतो. आणि उत्तन-डोंगरी-गोराई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला. एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस यायच्या आत, मिरच्या उन्हात कडक करायच्या, वीस-पंचवीस जिन्नस एकेक वेगळा भाजायचा, कारण खसखस आणि दालचिनी एकाच तव्यावर एकाच वेळी नीट भाजली जात नाहीत, मग उंच लाकडी मुसळांनी कुटायचे आणि बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. बाटलीचा रंग उजेड अडवतो, म्हणून मसाला वर्षभर टिकतो, आणि म्हणूनच त्याचे नाव बॉटल मसाला. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि ते सुनेला सांगितले जाते, शेजारणीला नाही. लग्नघरात याच लोकांचे फुगे तळले जातात. आंबवलेले सैल पीठ मुठीत घ्यायचे, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून गोळा काढायचा आणि तेलात सोडायचा, की तो टम्म फुगतो. हे काम पाहिलेल्याला कळते की कृती लिहून देता येईल, मूठ लिहून देता येणार नाही.

हे सगळे असूनही रस्त्यावर दिसत का नाही? नेहमीचे उत्तर असे की लोकांना ते नको आहे, बाजाराने निकाल दिला आहे. मला हे उत्तर पटत नाही, कारण बाजारात जे कधी मांडलेच गेले नाही त्याच्यावर निकाल लागत नसतो. १९८५ साली आजूबाजूच्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली वस्ती २००१ मध्ये ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढलेल्या शहरात जमिनीचा भाव काय होतो हे आपल्याला मी सांगायला नको. रस्त्यालगतचा गाळा ज्याला परवडतो त्याचाच पदार्थ दिसतो, आणि गाळा परवडायला लागतात त्या गोष्टी अगदी रुक्ष आहेत : ठरलेली कृती, आठवडाभरात शिकवता येईल असे काम, दिवसभर सारखा खप, अ‍ॅपवरून घरपोच जाऊ शकेल असा खोका, आणि पहिले सहा महिने तोटा सोसणारे भांडवल. साखळीजवळ या पाचही गोष्टी असतात. राईच्या बाईजवळ कृती आणि हात आहेत, बाकीचे काही नाही. स्पर्धा पिझ्झा आणि भाकरीत झालीच नाही. ती भाड्यात झाली, आणि भाकरी तिथे उतरलीच नव्हती.

यावर पहिला आक्षेप येईल तो इतिहासाचा, आणि तो दमदार आहे. ‘अस्सल’ काय आहे, असे विचारले जाईल. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा हा पट्टा पोर्तुगीजांकडे गेला तो चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेपर्यंत. त्या दोनशे वर्षांत पाव आला. मिरची, बटाटा, टोमॅटो अमेरिकेतून त्यांच्याच गलबतांनी आणले. बॉटल मसाल्यातून मिरची काढली तर उरते काय? वडापावात तर पाव, बटाटा आणि मिरची, तिन्ही परके. हे सगळे मला मान्य आहे, किंबहुना माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो. पाव इथला झाला कारण तो भाजणारी भट्टी गावात होती, भाजणारा माणूस गावातला होता, आणि खमीर मिळाले नाही तेव्हा गोव्यातल्या पोदेराने, म्हणजे पाव भाजणाऱ्याने, माडाच्या ताडीवर पीठ आंबवले. परक्या वस्तूला स्थानिक माणसाने हात घातला, जवळ जे होते ते वापरले आणि तिचे भलतेच काही करून टाकले. पिझ्झ्याचेही जगात असेच झाले आहे. डेट्रॉइटचा चौकोनी जाड पिझ्झा १९४६ पासूनचा. मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायच्या पोलादी ट्रेमध्ये तो भाजला गेला म्हणून त्याची कड तशी करपून खुसखुशीत होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू हेवनमध्ये फ्रँक पेपे यांनी १९२५ साली दुकान काढले आणि पुढे त्या दुकानाचे नाव झाले ते शिंपल्यांच्या पिझ्झ्यामुळे. शिंपल्या त्या किनाऱ्यावर मुबलक होत्या, इतके साधे कारण. आपल्या खाडीतही तिसऱ्या मिळतात. पण न्यू हेवनमध्ये भट्टीचा मालक तिथलाच होता आणि त्याने कशावर काय घालावे हे दूरच्या कार्यालयात ठरत नव्हते. परके पदार्थ पचवण्याची या किनाऱ्याची ताकद काही संपलेली नाही. ती वापरायला लागणारी भट्टी मात्र आता स्थानिक माणसाच्या हाती राहिलेली नाही.

मग उपाय काय? काही मंडळी म्हणतील, बाहेरच्या साखळ्यांवर कर लावा. २०१६ साली केरळने तो प्रयोग केला. ब्रँडेड उपाहारगृहांतल्या पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर बसवला, लोक त्याला ‘फॅट टॅक्स’ म्हणू लागले. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. महापालिकेला तर तसा कर लावण्याचा अधिकारच नाही. शिवाय पिझ्झा महाग केल्याने भाकरी स्वस्त किंवा हाताशी येत नाही. दुसरे टोक इटलीचे. १९८६ साली रोमच्या मध्यभागी मॅक्डोनाल्ड्‌स आले तेव्हाच्या संतापातून कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली, हे सर्वज्ञात आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती डॉमिनोजची गोष्ट. ही कंपनी २०१५ मध्ये इटलीत गेली आणि २०२२ मध्ये दुकाने गुंडाळून परतली. तिच्यावर कुणी बंदी घातली नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःची भट्टी असलेला माणूस बसला होता, एवढेच. आणि २०१७ साली युनेस्कोने आपल्या यादीत नेपल्सची नोंद घेतली ती पिझ्झा या पदार्थाची नव्हे. पिझ्झा करणाऱ्यांच्या कसबाची. मी आपल्याकडे मागणी करतो आहे ती याच अर्थाने : पदार्थाला पुरस्कार देऊ नका, करणाऱ्याला जागा द्या.

इथे आपल्या दालनातला कुणी अनुभवी अधिकारी हसेल आणि म्हणेल, हे झुणका-भाकरच्या वेळी करून झाले. माझ्या मते सगळ्यांत गंभीर आक्षेप हाच, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आणली, त्यासाठी बेरोजगारांना मोक्याच्या जागा दिल्या, सरकारी अनुदान दिले. २००० साली पुढच्या सरकारने ती बंद केली, आणि तोवर कित्येक केंद्रांवर झुणका नावापुरता उरून वडे, चायनीज आणि शीतपेये विकली जात होती. पुढे जागा परत घेताना कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणजे सरकारने स्थानिक अन्नाला जागा दिली की जागा उरते आणि अन्न जाते, असा निष्कर्ष काढायचा का? मला वाटते, त्या योजनेचे दोन दोष होते आणि दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत. एक, किंमत एक रुपयावर बांधली. जो पदार्थ विकून करणाऱ्याचे पोट भरत नाही तो कुणी मनापासून करत नाही. अनुदान आले तर करतो, नाही आले तर वडे तळतो. झुणका-भाकर ही तिथे गरिबाला घातलेली भीक झाली, कुणाचा धंदा झाली नाही. दुसरे, जागा मिळाली ती माणसाला, पदार्थाला नाही. परवाना एकदा हातात पडला की तिथे काय शिजते हे पाहायला कुणी आले नाही. याउलट वडापाव पाहा. त्याला सरकारने काही दिले नाही. पण स्टेशनाबाहेरचा कोपरा त्याने मिळवला आणि बाजारभावाने विकला गेला. म्हणून तर २००१ साली मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंग आणि २००४ साली कल्याणला गोली या वडापावच्या साखळ्या उभ्या राहू शकल्या. इथल्या अन्नाची साखळी होऊच शकत नाही हे म्हणणे त्यांनी खोटे पाडले. साखळी व्हावीच असा माझा आग्रह नाही. पण पहिला कोपरा मिळाल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलणार नाही, पण तो असतो : मासळीचा वास. शहराचा मोठा भाग शाकाहारी आहे, सोसायट्यांमध्ये त्यावरून वाद होतात, पालिकेने त्यात पडू नये. यावर माझे म्हणणे नम्र आहे पण स्पष्ट आहे. लोकांच्या ताटात पडायचे नाही असे पालिकेचे धोरण असते तर मला आदर वाटला असता. परंतु २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय याच पालिकेने घेतला होता. तो योग्य की अयोग्य हा वाद मी उकरत नाही. एवढेच म्हणतो की ज्या संस्थेने एका समाजाच्या श्रद्धेची दखल घेऊन दुकानांचे वेळापत्रक बदलले, तिला दुसऱ्या समाजाच्या ताटाची दखल घेऊन दोन-चार गाळे देणे जड जाऊ नये. शिवाय कुणाच्या दारात बोंबील तळा असे कुणी म्हणत नाही. मासळीबाजार आहेत, उत्तनचा किनारा आहे, तिथे पदार्थ शिजवून विकायची सोय करा. आणि आगरी-ईस्ट इंडियन स्वयंपाक म्हणजे फक्त मासळी हा समज शहरी अज्ञानातून आलेला आहे. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, खोबऱ्याच्या रसातला दुधी, नाताळचे कलकल : यांतले बरेच काही जैन पिझ्झ्याच्या शेजारच्या गाळ्यात बिनबोभाट विकले जाईल.

आणखी एक शंका खुद्द गावांतून येईल. फुगे लग्नाचे आहेत, मसाला सुनेला सांगायचा आहे. ते स्टॉलवर मांडले की त्यांचे बाजारीकरण होईल. हे मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही, आणि खोडायचेही नाही. लग्नातल्या उंबराचे पाणी आणण्याच्या विधीबरोबर जे शिजते ते काउंटरवर विकायला आणणे मलाही खटकेल. पण काय घरात ठेवायचे आणि काय विकायचे, हे त्या घरच्या बायकांनी ठरवावे. आज ते त्यांच्या वतीने भाडे ठरवते. १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापून ज्या समाजाने स्वतःचे नाव स्वतः निवडले, त्याला आपल्या मसाल्याचे काय करायचे हे शिकवायची गरज नाही. बॉटल मसाला आजही ओळखीतून, फोनवरून विकला जातोच. त्याला उंबरठ्याबाहेरचा एक पत्ता मिळावा, इतकेच.

तेव्हा मागणी. पालिकेच्या मंडयांतले आणि नव्याने बांधल्या जाणाऱ्या बाजार-इमारतींतले काही गाळे लिलावाबाहेर ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ आपल्या मालमत्तेची विल्हेवाट कशी लावायची ते सांगते, त्याच्या चौकटीत आपले विधी अधिकारी वाट काढू शकतील. हे गाळे हद्दीतल्या गावांमधल्या महिला बचत गटांना आणि मच्छीमार सहकारी संस्थांना कमी पण खऱ्या भाड्याने द्या. फुकट देऊ नका, फुकटाचे काय होते ते वर आलेच आहे. करार वर्षाचा, हस्तांतरण नाही, आणि करारात पदार्थांची नावे लिहा. वर्षाअखेर पाहणी करणाऱ्याने तिथे खरोखर काय शिजते ते खाऊन पाहावे. किंमत ज्याने त्याने ठरवावी. उत्तनला एक सामाईक स्वयंपाकघर आणि मासळी वाळवायचे स्वच्छ, उंच ओटे बांधा, म्हणजे अन्न सुरक्षेचा परवाना मागताना ‘जागा कुठली’ या रकान्यात लिहायला काही राहील. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला शंभर रुपये फीवर साधी नोंदणी पुरेशी ठरवली. त्या बायकांची अडचण शंभर रुपयांची नाही, पत्त्याची आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने जी शहर फेरीवाला समिती नेमायची आहे तिच्यापुढे हा विषय ठेवा. मेट्रो ९ च्या स्थानकांखालची जागा आपली नाही, ठाऊक आहे. एमएमआरडीएला एक पत्र तर लिहिता येईल. महोत्सव तेवढे भरवू नका. तीन दिवस मांडव, कंदील, सेल्फी, आणि चौथ्या दिवशी त्याच मैदानावर एकावर एक फुकटची जाहिरात.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडलाच तर पालिकेच्या स्वतःच्या सभांपासून करा. महासभेच्या चहासोबत जो नाश्ता येतो तो कुठून मागवला जातो आणि त्याचे वर्षाचे बिल किती होते, एवढे मला लेखी कळवावे. पुढचे पत्र त्या आकड्यावर लिहीन.

कळावे,
आपला,
मिरा रोडचा एक करदाता